अर्ध्या सावलीची वेल

एका जंगलात दर माघात पानं गळत. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. थंडी सरली की पानं पिवळी पडायची, खाली यायची, वाळायची आणि चैत्रात नवी फुटायची. झाडांना त्याची लाज वाटत नसे. ससे त्या पाचोळ्यात झोपत आणि खुशाल असत. हे हजारो वर्षं चाललं होतं. पण मुलांनो, हजारो वर्षं चाललेली गोष्ट एखाद्या दुपारी मोठ्या माणसांच्या डोळ्यात अचानक खुपायला लागते. तुम्हीही मोठे व्हाल, तेव्हा तुमच्याही डोळ्यात खुपेल.

त्या जंगलाचा राजा सिंह होता. सिंहच का, असं विचारू नका. वाघाने अर्ज केला नव्हता.

एकदा हा सिंह घाटावरच्या राजाकडे मुंजीला गेला. घाटावरचं जंगल बारा महिने हिरवं असतं. तिथे पाऊसच इतका पडतो की झाडांना पानं गाळायला सवड मिळत नाही. जेवताना घाटावरच्या राजाने सहज विचारलं, "तुमच्याकडे काय, सध्या टक्कल?"

पंगतीतले सगळे हसले. आपला सिंहही हसला. घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही. त्या दिवशी जेवणात जे हरीण होतं, त्याला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहाने सचिवाला बोलावलं. सचिव होता साळिंदर. त्याला लेखणी शोधावी लागत नसे. पाठीतून एक काटा उपटला की काम सुरू. एवढ्याच गुणावर त्याला ती जागा मिळाली होती आणि त्याने ती चांगली टिकवली होती.

"आपलं जंगल बारा महिने हिरवं झालं पाहिजे," सिंह म्हणाला.

"व्हायला वेळ लागेल, महाराज. दिसायचं असेल तर लवकर दिसेल."

"मग दिसू दे."

नदीपलीकडे माणसांचा एक बंगला होता. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर एक वेल चढवलेली होती. चकचकीत पानं, ऐन उन्हाळ्यातही हिरवीगार. तिला नाव घेण्यासारखं फूल नव्हतं, फळ नव्हतं, वास नव्हता. ती नुसती शोभेची होती. सचिवाने माकडांना पाठवलं आणि माकडं सहा कुंड्या वेलींसकट उचलून घेऊन आली.

एका कुंडीला चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं: शोभेची वेल. बारमाही हिरवी. अर्धवट सावलीत लावावी.

चिठ्ठी छापील होती. जंगलात छापील असं काहीच नव्हतं. त्यामुळे सगळ्यांनी तिला नमस्कार केला.

योगायोग असा की त्याच महिन्यात घाटावरच्या राजाने 'बारमाही हिरवं राज्य' नावाची स्पर्धा जाहीर केली. परीक्षक फाल्गुनात फिरणार होते. फाल्गुनात आपल्याकडे एकही पान झाडावर नसतं, हे घाटावरच्या राजाला चांगलं ठाऊक होतं. आता तर आपल्या सिंहाला ती स्पर्धा जिंकायचीच होती.

सिंहाच्या गुहेसमोर एक जुना, जाडजूड बेहडा होता. येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडे. म्हणून सहाही वेली बेहड्याला गुंडाळायचं ठरलं. माकडांनी त्या बुंध्यापासून वरपर्यंत फिरवल्या आणि वाखाच्या दोरीने बांधल्या. बाकीचं जंगल तसंच वाळकं राहिलं. पण गुहेच्या दारात उभं राहून समोर पाहिलं की हिरवंगार दिसे, आणि सिंह नेहमी तिथेच उभा राहत असे.

इथवर सगळं नीट झालं होतं. फक्त बेहड्यात कुणीतरी राहत होतं.

बेहड्याच्या पोटात वरच्या बाजूला एक ढोली होती. तिच्यात सगुणा नावाची धनेश पक्षीण होती. भिवाजी धनेश तिचा नवरा. धनेशांच्या घराण्याची एक रीत आहे, ती आधी ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंडी घालायची वेळ झाली की बायको ढोलीत जाते आणि चिखलाने आतून दार लिंपून घेते. साप येऊ नये, घोरपड येऊ नये, म्हणून. एक फट तेवढी ठेवतात, चोचीचं टोक बाहेर येईल एवढी. मग तीन महिने ती आतच. आत तिची पंखांची मोठी पिसं गळतात. म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. तीन महिने नवरा जंगलभर हिंडतो, गळ्यात उंबरं भरून आणतो आणि त्या फटीतून एकेक करून तिच्या चोचीत देतो. तिला आणि पिल्लांना.

तो आला नाही, तर आतले सगळे उपाशी राहतात. तो येणारच, एवढ्या भरवशावर ती दार लिंपते. खरं सांगतो, एवढा विश्वास मी भल्याभल्यांच्या घरात पाहिलेला नाही.

वेल आली तेव्हा सगुणा आत जाऊन बरेच दिवस झाले होते. माकडं बेहड्यावर चढली, तेव्हा भिवाजीने त्यांना सांगितलं, "जरा बघून बांधा. घरात बायको आहे."

"आम्हाला चिठ्ठीत तसं काही नाही," माकडं म्हणाली.

चिठ्ठीत दुसरंच होतं. अर्धवट सावलीत लावावी. आणि इथेच सचिव अडला. बेहड्याची पानं गळलेली. आजूबाजूची झाडं उघडी. जंगलभर कुठेही अर्धी सावली नव्हती, पाव सावलीसुद्धा नव्हती. दोनच दिवसांत वेलीच्या पानांच्या कडा करपल्या.

सचिवाने पुष्कळ विचार केला आणि चिमाबाई हत्तिणीला बोलावणं धाडलं. चिमाबाई पन्नाशीची होती आणि जंगलात तिच्याएवढी सावली कुणाचीच पडत नसे.

"चिमाबाई, उद्यापासून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही बेहड्याजवळ उभं राहायचं."

"कशापायी?"

"वेलीला सावली द्यायची आहे."

"आवं सायेब, ही उन्हातली मान्सं सावलीला झाडाखाली जात्यात. झाडाला सावली द्याया मला हुबी करताय व्हय?"

"झाडाला नाही. झाडावरच्या वेलीला. आणि एक लक्षात ठेवा, सावली पूर्ण पडता कामा नये. अर्धी."

"मी अर्धी कशी हुबी राहू?"

सचिवाने त्याचाही विचार केला होता. पुढची अर्धी चिमाबाई वेलीजवळ राहील आणि मागची अर्धी बाजूला सरकून राहील, असं त्याने जमिनीवर काट्याने रेघ मारून दाखवलं. चिमाबाई त्या रेघेवर उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं की तिच्या पाठीची कातडी तडतडायची. पण वेल तरारली. पानं पुन्हा चकचकीत झाली, नवे शेंडे फुटले आणि ते शेंडे वर सरकू लागले.

आणि सरकता सरकता ढोलीच्या फटीवर आले.

पहिल्या दिवशी एक पान आलं. भिवाजीने ते चोचीने बाजूला केलं आणि सगुणाला उंबर दिलं. दुसऱ्या दिवशी चार पानं आली. त्याने दोन तोडली. तिसऱ्या दिवशी फट दिसेनाशीच झाली. भिवाजीने पाच पानं तोडून खाली टाकली आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

"कोण तोडतंय?"

सचिव होता. हातात पाच पानं घेऊन तो वर बघत होता.

"साहेब, मीच," भिवाजी म्हणाला. "घरात बायको आहे. पिल्लंही निघालीत बहुतेक, काल बारीक आवाज आला. फट बुजली तर त्यांना खायला कसं घालू?"

"वेलीबद्दल तक्रार आहे का तुमची?"

"तक्रार अशी नाही. शेंडा जरा वळवला तरी चालेल. एवढाच, हातभर."

"हे बघा, वेल शोभेची आहे. म्हणजे ती काही करत नाही. जी काही करत नाही, तिच्याविरुद्ध तक्रार कशी घेणार? तरी तुम्ही अर्ज द्या. मी वर ठेवतो."

आता भिवाजीची चोच पाहिली असतीत तुम्ही! विळ्याएवढी. वर शिंगासारखं टोपण. चार फटके मारले असते तर सहाही वेली बुंध्यापासून सुटून खाली आल्या असत्या. पण भिवाजी सरळमार्गी होता. त्याच्या वडिलांनीही कधी कुणाचं पान तोडलं नव्हतं. त्याने अर्ज दिला. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहाने त्याला बोलावलं.

"भिवाजी, तुझा अर्ज वाचला. मलाही बायको आहे. मला समजतं," सिंह म्हणाला. "पण परीक्षक परवा येतायत. आता शेंडा वळवला तर मधेच भोक दिसेल. तिला दार दुसरीकडे करायला सांग ना."

"महाराज, ती आत आहे. आणि दार लिंपलेलं आहे."

"मग आतून करू दे."

भिवाजीने मान वळवून बेहड्याकडे पाहिलं.

"आज, उद्या आणि परवा सकाळ," सिंह समजुतीने म्हणाला. "तेवढा वेळ तू झाडाकडे फिरकू नकोस. परीक्षक गेले की स्वतः उभा राहून शेंडा वळवून घेतो. माझा शब्द आहे."

राजाचा शब्द होता. भिवाजी नमस्कार करून निघाला.

पण त्याला लांब जाववेना. समोरच एक काटेसावर होती, तिच्यावर तो बसला. सवयीने त्याने गळ्यात उंबरं भरून घेतली होती. इतकी, की त्याला धड हाकही मारता येईना. पलीकडे वेल वाऱ्यावर हलत होती. तिच्यामागे फट होती. फटीमागे सगुणा होती आणि ती वाट पाहत असणार, हे त्याला कळत होतं. दुपारी पानांतून चोचीचं टोक बाहेर आलं. इकडे तिकडे चाचपलं आणि आत गेलं. थोड्या वेळाने पुन्हा आलं. भिवाजीने मान फिरवली. त्याचा जीव तुटत होता, हे मी तुम्हाला साध्या शब्दांत सांगतो. पण तो उठला नाही. मनाई होती आणि अर्ज विचाराधीन होता.

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चोचीचं टोक यायचं थांबलं.

चिमाबाई रेघेवर उभी होती. तिने हे सगळं पाहिलं होतं. तिने सोंड वर करून वास घेतला आणि सावरीकडे पाहिलं.

"भिवाजी, तिकडं बसून काय कर्तुयास?"

भिवाजीने गळ्यातली उंबरं फांदीवर काढून ठेवली, तेव्हा त्याला बोलता आलं.

"मनाई आहे, चिमाबाई."

"तुला हाय. मला न्हाई. फेक हिकडं."

भिवाजीने उंबरं एकेक करून खाली टाकली. चिमाबाईने ती सोंडेत धरली, सोंड उंचावली, पानांतून अलगद आत घातली आणि फटीशी नेली. पहिल्यांदा कुणीच उंबर घेतलं नाही. भिवाजीने डोळे मिटले. मग आतून चोच आली आणि उंबर गेलं. मग दुसरं. मग तिसरं. भिवाजीच्या जिवात जीव आला. संध्याकाळपर्यंत चिमाबाईने पाच खेपा केल्या. त्यात ती रेघेवरून अर्धा हात सरकली, म्हणून सचिवाने तिला ताकीद दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक आले. परीक्षक बगळा होता. अंगावर एक डाग नाही, एका पायावर उभा आणि कुठेही टेकायचं नाही अशी सवय. वाटेतलं वाळकं जंगल त्याने पाहिलं नाही, कारण सचिवाने त्याला नदीवरून थेट गुहेपाशी आणलं होतं.

बगळ्याने बेहडा पाहिला. मान वाकडी करून पाहिला. तेवढ्यात चिमाबाईने सोंड उचलली आणि एक पिकलं उंबर हिरव्या पानांत घातलं. उंबर नाहीसं झालं.

सचिवाचा एक काटा आपोआप गळून पडला. सिंहाने डोळे वटारले. पण बगळा पुढे सरकला.

"हे काय आहे?"

चिमाबाई म्हणाली, "भूक लागती न्हवं."

बगळ्याने दुसरा पायही खाली टेकवला. "वीस राज्यं पाहिली मी," तो म्हणाला. "पाणी घालतात, खत घालतात. पण वेलीला हाताने घास भरवणारं राज्य पाहिलं नव्हतं. आणि वेलही कशी खातेय बघा!"

"आमच्याकडे पहिल्यापासून तशीच पद्धत आहे," सचिव म्हणाला.

पहिला क्रमांक मिळाला. संध्याकाळी सत्कार झाला. सिंहाला शाल मिळाली, सचिवाला नारळ मिळाला. चिमाबाईला मागे उभं केलं, कारण व्यासपीठावर ऊन येत होतं. वेलीला कुणीतरी दोन शब्द बोलायची विनंती केली. ती काही बोलली नाही. ती शोभेची होती.

शेंडा वळवायचं राहून गेलं. पहिला क्रमांक आलेल्या वेलीला हात लावणं बरं दिसलं नसतं. त्याऐवजी सचिवाने हुकूम काढला की वेलीला रोज दोन वेळा उंबरं भरवावीत. हे काम कुणाला द्यायचं, असा प्रश्न आला, तेव्हा सिंहाला भिवाजी आठवला. अशा रीतीने भिवाजीची आपल्याच घरी जेवण पोचवायच्या कामावर नेमणूक झाली. त्याच्या गळ्यात एक बिल्ला आला. वेलसेवक.

"म्हणजे अर्जाचा उपयोग झाला म्हणायचा," भिवाजी चिमाबाईला म्हणाला. तो खरोखर खूश होता.

चिमाबाईने कान हलवले. पाठीवर माशा बसत होत्या.

मग चैत्र आला. कुणाला न विचारता सगळ्या झाडांना पालवी फुटली. बघता बघता जंगल खरंच हिरवं झालं. बेहडाही पानांनी भरला आणि वेलीवर गडद सावली पडली. पंधरा दिवसांत वेल पिवळी पडायला लागली.

सचिवाने चिठ्ठी पुन्हा वाचली. अर्धवट सावली. मग बेहड्याची आणि आसपासच्या सगळ्या झाडांची अर्धी पानं ओरबाडून काढायचा हुकूम सुटला. माकडांना मोजता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी सगळीच काढली. चिमाबाई पुन्हा रेघेवर उभी राहिली. कोवळी पानं खाली पडून उन्हात सुकत होती आणि मधोमध वेल हिरवीगार होती. घाटावरच्या राजाकडून अभिनंदनाचं पत्र आलं.

वैशाखात एका सकाळी बेहड्याच्या आतून ठकठक ऐकू आलं. सगुणा दार फोडत होती. तिची पिसं पुन्हा आली होती. चिखलाच्या ढलप्या पडल्या. मग वेल ताणली गेली आणि तटकन तुटली. एक हातभर शेंडा खाली आला. सगुणा पानांतून बाहेर आली. पाठोपाठ दोन पिल्लं ढोलीच्या काठावर येऊन बसली आणि उन्हाने डोळे मिचकावू लागली.

भिवाजी धावत, म्हणजे उडत, आला. बिल्ला गळ्यात होताच.

सगुणाने खाली पाहिलं. "हे काय गुंडाळलंय झाडाला?"

"वेल आहे. शोभेची. पहिला क्रमांक आला तिचा."

"म्हणून अंधार होता होय." तिने पंख झाडले. "अहो, मधे दीड दिवस तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला कुणी मारलं. कुठे होता?"

"इथेच होतो. त्या सावरीवर."

"इथेच?"

"मनाई होती गं. मी अर्ज केला होता."

सगुणाने त्याच्या चोचीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. भिवाजी घाईघाईने म्हणाला, "पण आता सगळं ठीक झालं ना. दोन्ही पिल्लं गुटगुटीत आहेत."

"तीन होती," सगुणा म्हणाली.

खाली सचिव येऊन उभा राहिला होता. तुटलेल्या वेलीची पानं गोळा करत तो म्हणाला, "परवानगी न घेता दार फोडलेलं दिसतंय. आणि पिल्लाबद्दल काही म्हणणं असेल, तर तेही रीतसर अर्जात येऊ द्या."

भिवाजीने गळ्यातला बिल्ला झटकून टाकला. तो बेहड्यावर चढला आणि वेल तोडू लागला. एक फटका, एक वेल. सचिव मोठ्याने नियम वाचत होता. सिंह गुहेच्या दारात येऊन ओरडत होता. भिवाजीने कुणाकडे पाहिलं नाही. थोड्याच वेळात सहाही वेली खाली पडल्या आणि ढोलीचं दार चांगलं मोकळं झालं. मागे ढोली रिकामी होती.

सगुणा पिल्लांना घेऊन केव्हाच उडून गेली होती.

तात्पर्य: मुलांनो, घरात कुणी उपाशी असेल तर आधी स्वच्छ अक्षरात अर्ज करावा आणि समोरच्या झाडावर शांत बसून राहावं. उपाशी असलेल्यांना थांबता येतं, परीक्षकांना वेळ नसतो. चोच कितीही मोठी असली तरी ती मिटूनच ठेवावी. जवळपास एखादी हत्तीण असली, तर घरातले सगळे नाही, पण बरेचसे वाचतात.